पाच हजार मीटरच्या वर जाताना: तयारी पायांची, हिशेब रात्रींचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही 34 वर्षांचे, नियमित पळता, हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवता. यंदा पहिल्यांदाच 5,000 मीटरच्या वर जाणारा ट्रेक करायचाय. सुट्टी मोजकीच आहे, त्यामुळे एकाच ट्रेकचे दोन कार्यक्रम समोर असताना कमी दिवसांचा घ्यावा असं मनात आहे. बरोबर 61 वर्षांचे वडील येणार आहेत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. तर नक्की अवघड काय असतं, माझा फिटनेस पुरेल का, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का, आणि वडिलांना न्यावं का?

या चारही प्रश्नांहून महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात, ती म्हणजे कमी दिवसांचा कार्यक्रम. बाकी सगळ्याची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी एक खुलासा. मी ट्रेक लीडर आहे, डॉक्टर नाही. औषधांबद्दल लिहिलंय ते ग्रुप घेऊन वर जाणाऱ्याला माहीत असावंच लागतं तेवढं. तुम्हाला काय चालेल आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. शिवाय उंचीवर तुमचं शरीर कसं वागेल हे आधीपासून खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. त्यातल्या त्यात भरवशाचा अंदाज मिळतो तो पूर्वी तेवढ्याच उंचीवर काय झालं होतं यावरून. तुमच्याकडे तो अनुभव नाही, त्यामुळे जपून आखणं आलंच.

आता मूळ अडचण. वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं सगळे म्हणतात, पण हवेतला ऑक्सिजनचा वाटा समुद्रकाठी आणि शिखरावर सारखाच, सुमारे 21 टक्के असतो. कमी होतो तो हवेचा दाब. 3,500 मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो आणि 5,500 मीटरच्या आसपास निम्मा. म्हणजे छाती भरून घेतलेल्या प्रत्येक श्वासात तुम्हाला ऑक्सिजन जवळपास निम्माच मिळणार. फुप्फुसं कितीही कमावलेली असोत, हे गणित बदलत नाही. पळणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर 1,500 मीटरच्या वर दर हजार मीटरला तुमची व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घसरते. 5,000 मीटरवर तुमचं इंजिन एक तृतीयांशाने लहान झालेलं असतं. तुमचं मूळ इंजिन मोठं आहे, त्यामुळे उरलेलंही इतरांपेक्षा मोठंच असेल. फिटनेसचा फायदा हा, आणि इतकाच.

शरीर या तुटीवर स्वतःचे उपाय सुरू करतं. मानेतल्या रोहिणीजवळ रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पेशी असतात. त्या पहिल्या काही तासांतच श्वास वाढवायला लावतात. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी बनतं. मग मेंदूच श्वासाला लगाम घालतो. हा लगाम सैल करायचं काम मूत्रपिंडांचं. ती रक्तातलं जादा अल्क, म्हणजे बायकार्बोनेट, लघवीतून बाहेर टाकतात, पण त्याला काही दिवस लागतात. ट्रेकवर पहिले दोन दिवस सारखं लघवीला जावं लागतं त्याचं एक कारण हे. तांबड्या पेशी वाढवण्याचा हुकूम काही तासांत सुटतो, पण त्या प्रत्यक्ष वाढायला आठवडे लागतात, म्हणजे तुमच्या ट्रेकला त्यांचा फारसा उपयोग नाही. तुमच्या कामाचा बदल तो मूत्रपिंडांचाच, आणि त्यांना घाई करता येत नाही. तुम्ही दोन तासांत 21 किलोमीटर पळता हे मूत्रपिंडांना ठाऊक नसतं.

म्हणून तगडी माणसं मला जास्त काळजीत टाकतात. ज्याचे पाय कमकुवत आहेत तो आपसूक हळू चालतो, आणि हळू चालण्यातच त्याचं भलं होतं. ज्याच्या पायांत दम आहे तो एका दिवसात हजार मीटर चढून जातो आणि मग शरीराला रात्री ते निस्तरावं लागतं. 1962 च्या युद्धाच्या काळात भारतीय सैनिकांना सपाटीवरून थेट हिमालयात पाठवावं लागलं. त्या काळातल्या आजारी सैनिकांच्या नोंदी इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडल्या. 1,925 जणांच्या त्या नोंदी आहेत, आणि ही सगळी निवडून घेतलेली, कसलेली माणसं होती. पुढे 1976 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे इथे, सुमारे 4,250 मीटरवर, 278 ट्रेकर तपासले. निम्म्याहून अधिक, 53 टक्के लोकांना पर्वतीय आजाराची लक्षणं होती. पायी न येता विमानाने थेट लुक्ला या गावी उतरलेल्यांत, भराभर चढलेल्यांत आणि तरुणांत हे प्रमाण जास्त होतं. शेवटचा मुद्दा तुमच्या आणि वडिलांच्या दृष्टीने लक्षात ठेवा.

आता कार्यक्रमाकडे. ट्रेकच्या जाहिरातीत दिवस मोजलेले असतात. ते बाजूला ठेवा आणि कागदावर फक्त रात्री लिहा: कुठल्या रात्री किती उंचीवर झोपणार. दिवसा किती उंच जाऊन आलात याला त्यामानाने कमी महत्त्व आहे. मुळात थोडं वर जाऊन खाली झोपायला येणं चांगलंच. नियम साधा आहे. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढायची. वाटेत मुक्कामाची जागा नसेल आणि एखाद्या दिवशी 700-800 मीटर चढावंच लागत असेल, तर त्याच्या आधी किंवा नंतर एक रात्र थांबून सरासरी सावरायची.

दोन उदाहरणं देतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पचा नेहमीचा कार्यक्रम बघा. लुक्ला 2,860 मीटर, तिथून खाली फाकडिंगला 2,610, मग नामचे बाजार 3,440. ही उडी मोठी आहे, म्हणून नामचेला दोन रात्री. पुढे तेंगबोचे 3,860, दिंगबोचे 4,410, तिथेही दोन रात्री. मग लोबुचे 4,900 च्या थोडं वर आणि गोरक्षेप सुमारे 5,150. त्या दोन जादा रात्री ‘आराम’ म्हणून छापलेल्या असतात, आणि सुट्टी कमी असलेला माणूस पहिली कात्री तिथेच लावतो. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमात हात लावू नये अशा जागा त्या दोनच.

आता किलिमांजारोचा मारांगू मार्ग. तिथला पाच दिवसांचा कार्यक्रम असा: पहिली रात्र मांदारा 2,720, दुसरी होरोंबो 3,720, तिसरी किबो सुमारे 4,720, आणि त्याच मध्यरात्री उठून 5,895 मीटरच्या शिखराकडे. दोन रात्रींत झोपण्याची उंची 2,000 मीटरने वाढली आणि लगेच वर पावणेबाराशे मीटरची चढाई. वाट तांत्रिकदृष्ट्या सोपी आहे, दोराबिराचं काम नाही, म्हणून लोक ती हलक्यात घेतात. त्याच मार्गावर होरोंबोला एक जादा रात्र घेणारा सहा दिवसांचा कार्यक्रम मिळतो. माझ्याकडे विचारणा आली तर पाच दिवसांचा मी सुचवतच नाही.

तुमचे दोन्ही कार्यक्रम असेच रात्रींत लिहून काढा. कमी दिवसांच्या कार्यक्रमात कात्री कुठे लागली आहे ते लगेच दिसेल. परतीच्या वाटेवरचे दिवस कमी केले असतील तर खुशाल घ्या. फार तर गुडघे कुरकुरतील. 3,000 ते 4,500 मीटरमधली रात्र कापली असेल तर घेऊ नका. सुट्टी वाढत नसेल तर कमी उंचीचा ट्रेक निवडा. 4,000 मीटरच्या आतबाहेरचा एखादा ट्रेक पूर्ण वेळ देऊन केलात तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे स्वतःच्या शरीराची माहिती असेल, आणि ती कुठल्याही सल्ल्यापेक्षा मोलाची.

शरीर मागे पडलं तर काय होतं ते आता. पर्वतीय आजार, ज्याला आम्ही एएमएस म्हणतो, तो साधारणपणे नव्या उंचीवर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोकं वर काढतो. म्हणजे दुपारी कॅम्पवर पोहोचताना तुम्ही ठणठणीत असता, फोटो काढता, आणि जेवणाच्या वेळेला गप्प होता. डोकेदुखी हे मुख्य लक्षण. तिच्या जोडीला मळमळ किंवा भूक मेलेली असणं, गळून जाणं, चक्कर, यांपैकी काहीही आलं तर तो एएमएस धरून चालायचं, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत. झोप न लागणं पूर्वी या यादीत होतं. एएमएस ओळखण्यासाठी वापरतात त्या लेक लुईस निकषांच्या 2018 च्या सुधारणेत ते वगळलं, कारण उंचीवर नीट झोप कुणालाच लागत नाही. झोपेत श्वास मध्येच काही सेकंद थांबतो आणि मग मोठा श्वास घेऊन माणूस दचकून उठतो. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याची घाबरगुंडी उडते, पण हे नेहमीचंच आहे.

संध्याकाळी जेवणाच्या टेन्टमध्ये मी कुणाला ‘डोकं दुखतंय का’ असं सरळ विचारत नाही. उत्तर ‘नाही’ असंच येतं. आपल्यामुळे ग्रुप थांबेल किंवा आपल्याला मागे ठेवतील ही भीती असते. त्याऐवजी विचारतो, ‘दुपारपासून कुठली गोळी घेतली?’ खिशातली डोकेदुखीची गोळी गुपचूप घेतलेली असते आणि या प्रश्नाला सहसा खरं उत्तर येतं. मग ताटाकडे बघतो. सूप संपलंय पण भात चिवडून ठेवलाय, हे चिन्ह मला ऑक्सिमीटरपेक्षा जास्त सांगतं. सकाळी बघतो ते बूट घालणं. नाडी बांधायला एखाद्याला पाच मिनिटं लागत असतील, मध्येच तो तिच्याकडे नुसता बघत बसत असेल, तर त्याची सॅक उचलायच्या आधी त्याला चालून दाखवायला सांगतो. जमिनीवर रेघ ओढायची आणि पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकवत, एकापुढे एक पाऊल टाकत चालायचं. डोकेदुखी असूनही सरळ चालता येत असेल तर एक वेळ ठीक. तोल गेला, बाजूला पाय टाकावा लागला, तर तो मेंदूला आलेल्या सुजेचा इशारा समजायचा. त्यालाच हेस म्हणतात. बरळणं, विचित्र वागणं, उठवूनही नीट जाग न येणं ही त्याची पुढची पायरी, आणि तिथून बेशुद्धी फार लांब नसते.

दुसरं संकट फुप्फुसांत पाणी होण्याचं, म्हणजे हेप. ते बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या दरम्यान येतं आणि डोकेदुखीशिवायही येऊ शकतं, म्हणून जास्त फसवं. त्याची पहिली खूण म्हणजे चाल मंदावणं. काल सगळ्यांच्या पुढे असलेला माणूस आज शेवटी आहे, आणि थांबल्यावर बाकीच्यांचा दम दोन मिनिटांत बसतो पण त्याचा बसत नाही. पुढे बसल्या जागी धाप, आडवं झाल्यावर त्रास वाढणं, ओला खोकला, गुलाबी फेस. पूर्वी याला न्यूमोनिया समजत. 1960 साली चार्ल्स ह्यूस्टन यांनी एका निरोगी तरुण स्कीअरचं उदाहरण प्रसिद्ध केल्यावर हा उंचीचाच आजार आहे हे डॉक्टरांच्या नजरेत भरलं. एक सावधगिरी: विरळ, कोरड्या, थंड हवेने घसा खवखवणं आणि कोरडा खोकला वर जवळपास सगळ्यांना होतो. तोंडावर बफ (गळ्यात घालायचा नळीसारखा रुमाल) ओढून चाललं की तो थोडा कमी राहतो. खोकल्याला घाबरू नका. बसल्या जागी लागणाऱ्या धापेला घाबरा.

काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं, कारण तिथे डोकं नीट चालत नाही. लक्षणं सौम्य असतील तर आहे त्याच उंचीवर थांबायचं, वर जायचं नाही. एक-दोन दिवसांत बरं वाटलं तर पुढे, नाही तर खाली. लक्षणं असताना आणखी वर झोपायला जायचं नाही, या एका गोष्टीवर माझ्याशी कुणी वाद घालू नये. तोल गेला किंवा बसून धाप लागली तर लगेच खाली, रात्र असली तरी. 300 ते 1,000 मीटर उतरल्यावर बहुतेकांत फरक दिसतो. ऑक्सिजन, डेक्सामेथॅसोन आणि निफेडिपिन ही औषधं, हवा भरून आत दाब वाढवायची पिशवी, हे सगळं वेळ मिळवून देतं, पण उतरण्याची जागा घेत नाही. आणि आजारी माणसाला एकट्याने कधीही खाली पाठवायचं नाही. हेलिकॉप्टर येईल म्हणून वाट बघत बसणंही धोक्याचं. अंधारात आणि ढगांत ते येत नाही. विमा मात्र काढाच, आणि काढताना त्यात किती मीटरपर्यंत संरक्षण आहे ते वाचा. मर्यादा बहुधा बारीक अक्षरात असते आणि बऱ्याचदा तुमच्या ट्रेकच्या उंचीहून कमी असते.

ऑक्सिमीटरबद्दल दोन वाक्यं, कारण हल्ली प्रत्येकाच्या खिशात तो असतो. गारठलेल्या बोटावर तो काहीही दाखवतो, आणि 5,000 मीटरवर ऐंशीच्या आसपासचा आकडा घेऊन माणसं मजेत फिरत असतात. बोट गरम करून, पाच मिनिटं शांत बसून, रोज त्याच वेळी आकडा घ्या आणि कालच्या स्वतःच्या आकड्याशी ताडून बघा. शेजाऱ्याच्या आकड्याशी नको.

डायमॉक्स. हे अॅसिटाझोलामाइड मूत्रपिंडांना बायकार्बोनेट लवकर टाकायला लावतं, म्हणजे वर सांगितलेला लगाम लवकर सैल करतं. ते लक्षणं झाकत नाही, जुळवून घेण्याच्या क्रियेलाच वेग देतं. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, अशी पद्धत आहे. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा घातलेली पेयं बेचव लागतात. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा. पहिला डोस 3,500 मीटरवर घेतला तर मुंग्या औषधाच्या की आजाराच्या हे कोडं पडतं. माझं मत विचाराल तर कार्यक्रम नीट आखलेला असेल आणि पूर्वी त्रास झालेला नसेल तर बहुतेकांना ती लागत नाही. विमानाने एकदम 3,500 मीटरवर उतरावं लागणार असेल, किंवा पूर्वी त्रास झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलून जरूर घ्यावी. कमी दिवसांचा कार्यक्रम परवडावा म्हणून घ्यायचा विचार असेल, तर त्याला माझा विरोध आहे.

पाण्याबद्दल गैरसमज फार. जोराच्या श्वासाबरोबर कोरड्या हवेत बरंच पाणी जातं, त्यामुळे दिवसाला तीन लिटरच्या आसपास प्यावं लागतं. लघवीचा रंग फिकट आहे ना, एवढं पाहिलं तरी पुरे. पण ढसाढसा पाच-सहा लिटर पिऊन एएमएस टळत नाही. उलट रक्तातलं सोडियम उतरून डोकं दुखायला लागतं आणि लक्षणांचा आणखी गोंधळ होतो. चहा-कॉफीची सवय असेल तर ती सोडू नका, एकदम सोडली तर त्यानेही डोकं दुखतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र वर्ज्य, दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो. जेवणात भात, पोळी, बटाटे, सूप असं साधं पिष्टमय अन्न चालतं. भूक नसतानाही थोडं थोडं खायचं. 5,000 मीटरवर पाणी 83 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे अर्धकच्चा भात समोर आला तर आचाऱ्यावर चिडू नका.

थंडी, वारा, ऊन यांची तयारी बहुतेक लोक चांगली करतात, म्हणून लांबण लावत नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वारा सुटला की ते अंगाला त्याहून बरंच कमी वाटतं. घामाने ओला झालेला सुती बनियन अंगावर ठेवून थांबणं, ही थंडी बाधण्याची सगळ्यात सोपी वाट. सुती कपडे घरीच ठेवा आणि कॅम्पवर पोहोचल्या पोहोचल्या आतला थर बदला. फसवतं ते ऊन. उंचीबरोबर अतिनील किरण दर हजार मीटरला दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले बरेचसे खालून तुमच्या तोंडावर परत फेकतो. ढगाळ दिवशी गॉगल काढून बर्फावर चाललेला माणूस संध्याकाळपर्यंत बरा असतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन पाणी गळायला लागतं. बाजूने बंद असलेला गॉगल घ्या, आणि क्रीम नाकाखाली आणि हनुवटीच्या खालीही लावा. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या टोकाला आधी धरतो, उलट्या बाटलीत तो बुडाशी राहतो आणि झाकण उघडतं. मोबाइल आणि टॉर्चचे सेल स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

आता तुमच्या फिटनेसकडे. तो पुरेल, पण सराव थोडा वळवावा लागेल. पळणाऱ्याला लागतो तो दोन तासांचा जोर. ट्रेकला लागतात रोजचे सहा-सात तास, तेही मंद, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्यातली एक-दोन पळणी कमी करून सॅकमध्ये सहा-सात किलो भरून जिने किंवा टेकडी चढा-उतरा, आणि शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस लांब चाला. उतरण्याचा सराव विशेष करा. गुडघे आणि मांड्या बोलायला लागतात त्या उतारावर, आणि घसरून होणारी दुखापतही बऱ्याचदा परतीच्या वाटेवर होते, कारण तेव्हा पाय थकलेले आणि लक्ष घरी असतं. ट्रेकिंग पोल दोन घ्या आणि बूट आधी वापरून रुळवा. वर गेल्यावर घड्याळातला वेग बघायची सवय सोडावी लागेल, पळणाऱ्यांना हेच सगळ्यात जड जातं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढीच मोजपट्टी. वाक्य मध्येच तुटत असेल तर तुम्ही जोरात चालताय. मागचा पाय सरळ करून त्यावर क्षणभर भार टाकायचा, मग पुढचं पाऊल. या चालीने दर अर्ध्या तासाला बसावं लागत नाही, आणि घाम न आल्याने अंगही कोरडं राहतं.

वडिलांबद्दल. नुसतं वय हे कारण मी मानत नाही. साठी ओलांडलेली माणसं तरुणांच्या आधी, शांतपणे, बेस कॅम्पला पोहोचलेली मी बऱ्याचदा पाहिली आहेत. रक्तदाब आटोक्यात असेल तर तोही आपोआप अडसर ठरत नाही. पण उंचीवर पहिले काही दिवस दाब वाढतो, आणि गोळी कुठली आहे यावर बरंच अवलंबून आहे. बीटा ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके हवे तितके वाढत नाहीत आणि चढावर दम लवकर संपतो. पाणी उतरवणारी गोळी असेल तर कोरडेपणा वाढू शकतो, आणि डायमॉक्सबरोबर ती कशी घ्यायची हे डॉक्टरांनीच सांगायला हवं. म्हणून त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जाताना रात्रींच्या उंचीचा तो कागद बरोबर न्या. ‘ट्रेकला जाऊ का’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम मिळतं. ‘चौथ्या रात्री 3,900 मीटरवर झोपणार आहे आणि जवळचं हॉस्पिटल दोन दिवसांच्या वाटेवर आहे’ असं सांगितलं तर डॉक्टर स्ट्रेस टेस्ट करायची की नाही, गोळी बदलायची की नाही, हे ठरवू शकतात. छातीत दुखण्याचा इतिहास असेल, किंवा सपाटीवर दोन जिने चढून धाप लागत असेल, तर त्यांना यंदा नेऊ नका.

ते आले तर निघण्यापूर्वी एक गोष्ट दोघांत बोलून घ्या आणि गाईडलाही सांगून ठेवा: दोघांपैकी कुणालाही परतावं लागलं तर दुसरा बरोबर परतणार की गाईडबरोबर पाठवून पुढे जाणार. दोन्ही चालतं, पण त्यासाठी ग्रुपला दोन गाईड हवेत. तुमचे दोन्ही कार्यक्रम देणाऱ्यांना हाच प्रश्न विचारा, एकाला खाली न्यावं लागलं तर वर कोण राहतं? ज्यांच्याकडे याचं उत्तर तयार नसेल, त्यांच्याकडे बुकिंग करू नका.